दुसरी टाच

एकनाथमामांचं मशीन थांबलं की चहा, असा आमच्या कारखान्यात नियम होता. कारखाना म्हणजे फार मोठं काही डोळ्यांपुढे आणू नका. भवानी पेठेतल्या एका बोळात खाली दोन खोल्या आणि वर पोटमाळा, एवढा बुटांचा कारखाना. मागच्या खोलीत मामांचं टाचेचं मशीन, पुढच्या खोलीत आम्ही बाकीचे. मी बुटांचे वरचे भाग शिवायची. मामांचं मशीन सुरू असलं की शेजारच्याने कानात ओरडलं तरी कळायचं नाही, त्यामुळे आमच्याकडे भांडणंसुद्धा हातवारे करून व्हायची. चहावाला किटली घेऊन दारात ताटकळायचा आणि मामा काही थांबायचे नाहीत. कारण पहिली टाच झालेली असायची आणि दुसरी व्हायची असायची. एक टाच करून माणसाने उठायचं नाही, हे त्यांचं ठाम मत. दारात जावई येऊन उभा राहिला तरी नाही.

"मामा, अहो निवला चहा," मी म्हणायचे.

"चहा परत तापवता येतो, कुंदाताई. हात निवला की निवला."

आता हे मशीन काय करतं ते सांगायला हवं, नाहीतर मामा कळायचे नाहीत. चामड्याच्या बुटाची टाच अखंड नसते. चामड्याचे थर एकावर एक चिकटवून, बारीक खिळे ठोकून ती उभी करतात. तेव्हा ती अगदी ओबडधोबड असते, कडा चहूकडून बाहेर आलेल्या. मग ती मशीनवर जाते. मशीनच्या एका अंगाला पोलादी पात्यांचं चाक गरागरा फिरत असतं, दुसऱ्या अंगाला पॉलिश पेपरचं. दोन्ही हातांत बूट धरायचा आणि टाच त्या पात्यावरून एका झोकात गोल फिरवायची. मशीनला फक्त फिरता येतं. किती कापायचं, कुठे आत झुकवायचं, कुठे सोडायचं, हे सगळं धरणाऱ्याच्या मनगटात असतं. जरा जास्त दाबलं की चामडं जळाल्याचा वास सुटतो आणि तो जोड वाया जातो.

पहिली टाच कोणीही करील, मामा म्हणायचे, दुसरी तिच्यासारखी करता आली तर तो कारागीर. दोन्ही टाचा ते पाठीला पाठ लावून धरत, डोळे मिटत आणि सांध्यावरून उजवा अंगठा फिरवत. अंगठा कुठे अडखळला तर दुसरी टाच परत मशीनवर. आम्हाला दोन्ही सारख्याच दिसायच्या. मी एकदा म्हटलं, "मामा, माणूस बूट पायात घालणार आहे, अंगठ्यात नाही." त्यावर ते म्हणाले, "मग तुम्ही शिलाई सरळ का घालता? पायाला कुठे वाचता येतं?" माझं तोंड बंद करणारी माणसं पुण्यात फार नाहीत.

मामा दिसायला बेताचे. ठेंगणे, जाड चष्मा, खाकी अर्ध्या बाह्यांचा शर्ट. दिवसभरात त्यांच्या भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर चामड्याची तपकिरी धूळ बसायची आणि संध्याकाळी ते बोळातल्या नळावर तोंड धुवायचे तेव्हा आतून निराळाच गोरा माणूस निघायचा. स्वतःच्या पायात मात्र कायम रबरी सपाता. त्यांचा एक पट्टा तुटलेला, त्याला पिन लावलेली. त्याबद्दल कोणी काही बोललं तर म्हणत, "माझ्या टाचा कोण बघतंय? मी तर दुसऱ्यांच्या बघत असतो."

ते खरंच होतं. रस्त्याने चालताना त्यांची मान खाली असायची आणि नवख्या माणसाला वाटायचं, किती लाजाळू आहेत. लाजाळू कसले, ते लोकांच्या बुटांचं ऑडिट करत असायचे. एकदा आम्ही दोघं मंडईत गेलो होतो, मला मेथी घ्यायची होती. मी भाव करतेय तोवर मामा गायब. बघते तर एका सफारीवाल्या गृहस्थाच्या मागे मागे चाललेत. त्याला थांबवून म्हणाले, "अहो, आपली डावी टाच बाहेरून पार गेलीये. असंच चाललात तर गुडघा धरेल."

"आपण डॉक्टर का?" गृहस्थाने विचारलं.

"नाही."

"मग आपण आपल्या रस्त्याने जावं."

"मी जाईन हो," मामा म्हणाले, "तुम्हालाच फार दिवस जमायचं नाही."

तो गृहस्थ पुढे गुडघा धरून कारखान्यात आला वगैरे काही झालं नाही. असं गोष्टीत होतं. तो तणतणत निघून गेला आणि मी माझी मेथीची जुडी मामांच्या पिशवीत कोंबून त्यांना तिथून काढलं.

दुसरी टाच पुरी करायचं खूळ किती खोल होतं ते मला एका दुपारी कळलं. टाचेला खिळे ठोकणाऱ्याने एक खिळा कडेला ठोकला होता. टाच पात्याला लागली, ठिणगी उडाली आणि खिळ्याचा तुकडा चष्म्याच्या वरून मामांच्या भुवईत घुसला. नेमकी मी मागच्या खोलीत तयार माल ठेवायला गेले होते. रक्त गालावरून खाली शर्टावर ठिबकत होतं आणि हा माणूस ती टाच संपवून दुसरी करत होता. मी मेन स्विचकडे धावले तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं. जोड पुरा झाला, अंगठा फिरवला आणि मग मशीन बंद करून खाली बसले. मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. "उद्या डोळा गेला असता म्हणजे जोड पुरा झाला म्हणून आम्ही पेढे वाटायचे का?" एवढं मात्र आठवतंय. मामा माझ्या पदराने भुवई दाबून धरत हसत होते. म्हणाले, "कुंदाताई, अर्धा जोड मागे ठेवून उठलो ना, तर परत येतो तेव्हा पहिलीचं माप हातातून गेलेलं असतं. मग जन्मभर दोन्ही टाचा अनोळखी राहतात."

त्यांचा जीव खरा अडकला होता तो वैशालीत. वैशाली त्यांची एकुलती एक मुलगी. येरवड्याच्या त्यांच्या चाळीत लहानपणी ती जिन्यावरून पडली, मांडीचं हाड मोडलं आणि नीट जुळलं नाही. वाढीच्या वयात डावा पाय बोटभर आखूड राहिला. मी कारखान्यात लागले तेव्हा ती शाळेच्या खालच्या वर्गात होती आणि हात कमरेवर ठेवून हिसके देत चालायची. तिला शाळेत काय म्हणत असतील ते वेगळं सांगायला नको, मुलं दुष्टच असतात.

मामांनी तिच्यासाठी बूट केला. दरवर्षी नवा, कारण पाय वाढायचा आणि फरकही थोडा बदलायचा. त्याचा दिवस ठरलेला होता, खंडेनवमी. त्या दिवशी सगळ्या पुण्यात हत्यारांची, यंत्रांची पूजा होते, तशी आमच्याकडे टाचेच्या मशीनची व्हायची. झेंडूचा हार, हळदकुंकू, पेढे. पूजा झाल्यावर मशीन पहिल्यांदा सुरू व्हायचं ते वैशालीच्या जोडासाठी. मालकांच्या वडिलांपासूनची ही पद्धत. गिऱ्हाईक कितीही घाईचं असलं तरी त्याने थांबायचं.

माप घ्यायची तऱ्हा अशी, की वैशालीला फरशीवर अनवाणी उभं करायचं आणि डाव्या टाचेखाली चामड्याचे थर सरकवत जायचं. मामा लांब जाऊन उकिडवे बसायचे आणि तिच्या फ्रॉकची खालची कड बघायचे. कड दोन्हीकडे फरशीपासून सारखी आली की बस. तेवढे थर डाव्या टाचेत चढायचे. पण खरी करामत पुढे होती. एक टाच उंच आणि एक बुटकी असा जोड कोणाच्याही डोळ्यात भरणार. मामा मशीनवर उंच टाच अशी आत झुकवून कापत आणि बुटकी अशी भरीव ठेवत, की बघणाऱ्याला दोन्ही सारख्याच वाटाव्यात. "लोकांचा डोळा फसला पाहिजे, पायाला मात्र फसवायचं नाही," ते म्हणत. तेव्हा हा एकच जोड असा होता की ज्यात दुसरी टाच पहिलीसारखी करायची नव्हती, आणि त्यांना सगळ्यांत जास्त वेळ लागायचा तोही त्याच्यावरच.

वैशाली शाळेच्या संचलनात चालली. कॉलेजला गेली. मग खराडीला एका कंपनीत लागली. एकदा मला म्हणाली, "मावशी, ऑफिसमध्ये मी सांगितलं की माझा एक पाय शॉर्ट आहे, तर सगळे म्हणे, जोक करतेस." हे मी मामांना सांगितलं. त्यांनी मशीन सुरू केलं आणि हातात काही नसताना उगाच जरा वेळ चालू ठेवलं.

पुढे कारखान्याची कळा गेली. तयार रबरी सोल टाचेसकट यायला लागले, ते नुसते चिकटवायचे. मामांच्या मशीनवर यायचे ते फक्त पायाने अडलेले लोक. कोणाचा पाय वाकडा, कोणाचा आखूड. तेवढ्यासाठी मालक मशीन ठेवून होते. मालक वाईट माणूस नव्हे, हे आत्ताच सांगते, कारण पुढे तसं वाटेल.

आणि मग एके दिवशी मशीन थांबलं. आम्ही चहाला उठलो. मामाही आले, कप घेतला, बशीत ओतला. मी पाणी आणायला मागच्या खोलीत गेले तर फरशीवर एक जोड होता. एका बुटाची टाच तुळतुळीत झालेली आणि दुसरी तशीच ओबडधोबड.

दुसऱ्या कोणाच्या बाबतीत त्यात काय एवढं, चहा पिऊन करील. पण मी बाहेर येऊन मामांकडे बघितलं तर ते निवांत फुरके मारत होते. मला म्हणाले, "आज लवकर आला का चहा?" मी म्हटलं, "हो, आला आज लवकर."

त्यानंतर एकेक दिसायला लागलं. डबा खाल्ला तरी डबा शोधायचे. झालेली टाच परत मशीनवर घ्यायचे, दोन गिऱ्हाइकांचे जोड त्यात बारीक झाले. एका संध्याकाळी घरी पोचलेच नाहीत. वैशाली रिक्षा करून शोधत फिरली तेव्हा वाटेतल्या एका बसस्टॉपवर बसलेले सापडले. येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय बघत बसले होते, आणि घरी जायचंय हे डोक्यातून गेलं होतं.

वैशाली त्या आठवड्यात कारखान्यात आली. मामा पोटमाळ्यावर चामडं बघत होते, ती मालकांशी आणि माझ्याशी खालच्या आवाजात बोलली. "डॉक्टरांनी स्कॅन केलाय. म्हणाले, हे आता वाढतच जाणार. गोळ्यांनी फक्त स्लो होईल. काका, प्लीज त्यांना त्या मशीनवर बसू देऊ नका. एखाद्या दिवशी हात जाईल त्यांचा."

मालकांनी मामांना खाली बोलावलं आणि आढेवेढे न घेता सांगितलं, की उद्यापासून मशीनला हात लावायचा नाही. पॉलिश करा, बसून राहा, पण मशीन नाही. मला वाटलं मामा चिडतील. ते चिडले नाहीत. त्यांना आपलं काय होतंय हे माहीत होतं. त्या दिवशी मला ते पहिल्यांदा कळलं आणि फार वाईट वाटलं, कारण तोवर मी अशी समजूत करून घेतली होती की विसरणाऱ्याला निदान आपण विसरतोय हे तरी कळत नसेल.

"खंडेनवमीपर्यंत राहू द्या," मामा म्हणाले. "वैशूचा या वर्षीचा जोड माझ्या हातचा होऊ दे. मग मी मशीनकडे बघणारसुद्धा नाही."

"बाबा, मी विकत घेईन ना. आता तसे मिळतात, ऑनलाइन मापाने करून देतात."

"मिळत असतील. पण हा एक होऊ दे."

त्यांनी मालकांपुढे हात जोडले. मालक त्यांच्यापेक्षा कितीतरी लहान, मामांच्या डोळ्यांदेखत मोठे झालेले. त्यांना ते बघवेना. म्हणाले, "ठीक आहे मामा. फक्त तो एक जोड. मी स्वतः शेजारी उभा राहणार."

मध्ये जे आठवडे गेले ते मामा चांगले होते. म्हणजे इतके चांगले, की मला वाटायला लागलं डॉक्टरला काय कळतंय. त्यांनी वैशालीच्या जोडासाठी चामडं स्वतः निवडलं. वरचा भाग मी शिवला, आणि इतकी मन लावून शिलाई मी माझ्या स्वतःच्या कशालाही कधी घातली नाही. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी वैशालीला बोलावून तिचं माप घेतलं. आता ती फ्रॉक कुठून घालणार, पंजाबी ड्रेसची कड बघितली. थर मोजूनमापून डाव्या टाचेत चढवले, चिकटवले, खिळे ठोकले. रात्रभर सुकायला जोड मशीनशेजारी ठेवला. जाताना म्हणाले, "उद्या याच्यानंतर सुट्टी, कुंदाताई. मग तुम्हाला वेळेवर चहा." मी म्हटलं, "बरं होईल. जन्मभर गार चहा पाजलात."

खंडेनवमीला मशीन पुसून लख्ख केलं होतं. हार घातला, मालकांनी नारळ फोडला. मामांनी नवा शर्ट घातला होता, घडीच्या रेघा दिसत होत्या. बोळातल्या दुकानांना पेढे वाटायचं काम दरवर्षी माझ्याकडे असतं. मी ताट घेऊन निघाले तेव्हा मामा हातात जोड घेऊन मशीनसमोर उभे होते आणि मालक त्यांच्या शेजारी, अगदी खांद्याला खांदा लावून. मागे मशीनचा आवाज सुरू झालेला मी ऐकला आणि बरं वाटलं.

परत आले तेव्हा आवाज थांबला होता. मामा धुळीने माखले होते आणि त्यांचा चेहरा असा फुलला होता की बघत राहावं. मालकसुद्धा घाम पुसत हसत होते. "झालं बुवा सुखरूप," ते मला म्हणाले. "माझा जीव नुसता त्यांच्या बोटांत होता."

"बघा कुंदाताई," मामांनी जोड माझ्यापुढे धरला. "अंगठा फिरवून बघा."

त्यांनी दोन्ही टाचा पाठीला पाठ लावल्या. मी अंगठा फिरवला. तो कुठेच अडखळला नाही. काचेसारख्या गुळगुळीत, एकमेकींना चिकटून बसलेल्या, वर, खाली, कडेला, कुठे म्हणून फरक नाही. इतक्या वर्षांत त्यांच्या हातचं इतकं चोख काम मी पाहिलं नव्हतं. आणि मग माझ्या लक्षात आलं की त्या सारख्या आहेत.

मी मालकांकडे बघितलं. त्यांना अजून कळलं नव्हतं. सगळा वेळ ते बोटांकडे बघत होते, टाचेकडे बघायचं त्यांना कारण काय? मामांनी मध्येच पकड हातात घेतली तेव्हाही त्यांना वाटलं, एखादा वाकडा खिळा काढतायत. मामा सांगत होते, "अहो, कोणी गाढवाने एका टाचेला जास्तीचे थर चढवून ठेवले होते. जोड फरशीवर ठेवला तर एक उंच, एक बुटका. पकडीने उचकटून काढले आणि बरोबर केलं. असं काम करतात का?" मशीनखाली चामड्याचे तुकडे पडले होते. आदल्या दिवशी त्यांनी स्वतः चढवलेले.

जन्मभर त्या हातांना एकच शिकवलं होतं, दोन टाचा सारख्या करा. डोक्यातलं बाकीचं गेलं, पण हातांचं शिक्षण काही गेलं नव्हतं. मालकांना आता कळलं, त्यांचा चेहरा उतरला आणि ते काहीतरी बोलणार एवढ्यात वैशाली दारात आली. अर्धा दिवस रजा टाकून, हातात मिठाईचा पुडा घेऊन.

तिने जोड हातात घेतला. तिला कळायला क्षणही लागला नाही. तिने माझ्याकडे बघितलं, मी मान खाली घातली. मग तिने पायातले जुने बूट काढले, खुर्चीवर बसून नवे घातले, बंद नीट बांधले आणि उठून चालायला लागली. दारापर्यंत गेली आणि परत आली. हिसका देत, हात आपोआप कमरेवर गेलेला. शाळेच्या खालच्या वर्गातली ती मुलगी मला परत दिसली. मला रडू आवरेना म्हणून मी पेढ्यांचं ताट पुसायला घेतलं.

"कसा झालाय?" मामांनी विचारलं.

"छान झालाय, बाबा. एकदम फिट."

"जरा लंगडतेस का?"

"नवा आहे ना. चावतोय थोडा."

"हां. नवा जोड चावतोच," मामा म्हणाले. "दोन दिवसांत सैल होईल."

ती तेच बूट घालून त्यांना घरी न्यायला निघाली. जुने पिशवीत टाकले. मामांनी मशीनला नमस्कार केला. मग केर काढतात तसे खाली वाकले आणि मशीनखालचे ते चामड्याचे तुकडे एकेक करून उचलले. हातात धरून बराच वेळ बघत राहिले. एकावर एक ठेवले, अंगठ्याने त्यांची जाडी चाचपली. मग वैशालीच्या पायांकडे बघितलं. त्यांनी ते तुकडे नव्या शर्टाच्या खिशात घातले आणि तिचा हात धरून बाहेर पडले. बोळाच्या टोकापर्यंत ती लंगडत होती आणि ते तिच्या चालीने हळूहळू चालत होते.

त्यानंतर मामा कारखान्यात आले नाहीत. कोणी येऊ नका म्हटलं नव्हतं. मालकांनी फोन केला तर वैशाली म्हणाली, बाबा येत नाही म्हणतात. मशीनवर मालकांनी प्लास्टिक टाकून ठेवलं. दुसऱ्या कोणाच्या हाताने ते चालवावं असं काही महिने त्यांच्या मनात येईना, आणि खरं सांगायचं तर दुसरा कोणी होताही कुठे? आता आम्हाला चहा वेळेवर मिळतो. मला तो गोड लागत नाही.

मध्यंतरी मी येरवड्याला त्यांच्याकडे जाऊन आले. जायला मी फार उशीर केला असं वैशाली म्हणाली नाही, पण दार उघडल्यावर तिच्या चेहऱ्यावरून कळलं की बरंच पाणी वाहून गेलंय. ती आता बरेच दिवस घरूनच काम करते. तिची आई देवळात गेली होती. मामा खिडकीजवळ खुर्चीत बसले होते, हात मांडीवर ठेवून. अंगावर कणभर धूळ नाही. इतके स्वच्छ मामा बघून मला कसंतरीच झालं.

"या कुंदाताई," ते म्हणाले. मला त्यांनी लगेच ओळखलं. मी इतकी सुखावले, की वैशालीकडे वळून हसले. ती हसली नाही. चहा टाकते म्हणून आत गेली.

आम्ही बोललो. मामांनी कारखान्याचं विचारलं, मालकांचं विचारलं, शिलाईच्या मशीनची सुई अजून मोडते का तेही विचारलं. मी मनात म्हटलं, अहो, हे तर ठीक आहेत. वैशाली चहा घेऊन आली. घरात ती अनवाणी होती, त्यामुळे ट्रे सांभाळत, हिसके देत आली. आमच्यापुढे कप ठेवले आणि बिस्किटं आणायला परत गेली. मामा ती आत जाईपर्यंत थांबले आणि माझ्याकडे झुकून हळू आवाजात म्हणाले, "ही मुलगी बघितलीत का? फार करते हो माझं. पण डावा पाय आखूड आहे तिचा. लहानपणीच बघायला नको होतं का कोणी? कसला बाप असेल हिचा?"

वैशाली बिस्किटांची बशी घेऊन दारात उभी होती. तिने ऐकलं होतं. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की हे ती आज पहिल्यांदा ऐकत नाहीये.

"बाळ, इकडे ये," मामा तिला म्हणाले. "लाजू नकोस. तुझ्या पायासाठी बूट होतो, उंची कोणाला दिसायचीसुद्धा नाही. मी करून देईन. फक्त थोडं थांबावं लागेल. आधी माझ्या मुलीचा जोड करायचा राहिलाय. तो एवढा झाला की लगेच तुझा घेतो."

वैशालीने बशी माझ्या हातात दिली आणि त्यांच्या खुर्चीजवळ खाली बसली.

"चालेल, काका," ती म्हणाली. "मी थांबते."